हार्ड डिस्कची नियमित तपासणी: ‘चालतेय तर हात लावू नका’ या मताचा प्रतिवाद

घरातल्या मोठ्या हार्ड डिस्कची नियमित तपासणी म्हणजे ठरावीक मुदतीने तिला स्वतःचा सगळा पृष्ठभाग वाचायला लावणे आणि वाचताना कुठे अडले ते नोंदवून घेणे. त्यासाठी दोन साधने आहेत. पहिले डिस्कमध्येच असते. ‘स्मार्ट’ नावाच्या या सोयीतली शॉर्ट टेस्ट दोनेक मिनिटांत उरकते, तर लाँग टेस्ट पहिल्या सेक्टरपासून शेवटच्या सेक्टरपर्यंत वाचत जाते. दुसरे साधन झेडएफएस किंवा बीटीआरएफएससारख्या फाइल सिस्टिममध्ये असते. त्याला स्क्रब म्हणतात. साठवलेला प्रत्येक तुकडा वाचून त्याचा चेकसम (मजकुरावरून काढलेला पडताळणीचा आकडा), तो लिहिला तेव्हा नोंदवलेल्या चेकसमशी जुळतो का, हे स्क्रब पाहतो. दोन्ही साधने फुकट आहेत आणि दोन्हींचे वेळापत्रक एकदाच लावायचे असते. तरीही असंख्य घरांत ते लावलेले नसते, आणि याचे कारण आळस हे नाही. कारण आहे एक घट्ट रुजलेले मत.

ते मत असे. डिस्क चालते आहे, फाइल उघडते आहे, दिवा हिरवा आहे, मग तिला छेडायचे कशाला? वीस टीबीची डिस्क सलग वाचली की तिचे आयुष्य कमी होते. शिवाय एकाच मजकुराच्या दोन डिस्क मिररमध्ये आहेत, एक गेली तर दुसरी आहेच. काही बिघडलेच तर स्मार्ट आपणहून सांगेल. आणि एवढा एक-दीड दिवस मशीन अडकवून ठेवायला हे घर आहे, बँकेचे डेटा सेंटर नाही. या मताला शहाणपणाचा वास येतो, म्हणूनच ते घातक आहे. त्यातला एकही मुद्दा तपासणीला टिकत नाही.

डिस्कवर काय आहे हे आधी पाहिले पाहिजे, कारण ‘घरगुती’ हा शब्द वापरून सगळा संग्रह किरकोळ ठरवला जातो. चेन्नईतल्या मैलापूरचे उदाहरण घ्यावे. मार्गळी महिन्यात, म्हणजे डिसेंबरच्या मध्यापासून जानेवारीच्या मध्यापर्यंत, या भागात आणि आसपासच्या संगीतसभांमध्ये सकाळपासून रात्रीपर्यंत कच्चेरी, म्हणजे मैफली, चालतात. १९२८ साली स्थापन झालेली म्युझिक अकादमी इथून जवळच आहे आणि जुन्या मैफली ऐकण्यासाठी तिथे डिजिटल संग्रहही आहे. पण कर्नाटक संगीताचा ध्वनिमुद्रित इतिहास फक्त संस्थांच्या कपाटांत नाही. रसिकांनी स्पूल टेपवर आणि नंतर कॅसेटवर उतरवून घेतलेल्या मैफली घराघरांत आहेत. त्यात मराठी वाचकाचाही वाटा आहे. तंजावरच्या मराठी दरबाराच्या आश्रयाने कीर्तन दक्षिणेत गेले आणि तिथल्या हरिकथेत साकी, दिंडी, ओवी, अभंग मुरले. तंजावरची मराठी घराणी पुढे मद्रासेत आली. अशाच एका घराण्यातले सर टी. माधवराव यांचे १८९१ साली निधन झाले ते मैलापुरातच. मैलापुरातल्या लझ भागातल्या ग्रंथालयाला आजही न्यायमूर्ती रानडे यांचे नाव आहे. हरिकथेची आणि नामसंकीर्तनाची जुनी टेप या भागातल्या एखाद्या घरात निघते, तेव्हा तमिळ उच्चारातला तुकोबांचा अभंग तिच्यावर असण्याची शक्यता चांगलीच असते.

अशी टेप एकदाच नीट उतरवता येते. चुंबकीय थर सुटू लागला, फीत चिकट झाली की दुसऱ्यांदा ती वाजेलच असे नाही. ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटवर उतरवलेल्या स्टिरिओ ध्वनिमुद्रणाला ताशी सुमारे २ जीबी लागतात. तीन तासांची मैफल ६ जीबी, हजार तासांचा संग्रह २ टीबी. त्यात लग्नामुंजींचे व्हिडिओ, स्कॅन केलेले फोटो आणि कागदपत्रे घातली की मोठ्या डिस्कची गरज भासणारच. उतरवून झाल्यावर त्या फाइलचे काय होते? एकदा ऐकली जाते, नाव दिले जाते, फोल्डरमध्ये जाते आणि वर्षानुवर्षे तिला कुणी उघडत नाही. ‘चालतेय’ या शब्दाचा पोकळपणा इथेच उघडा पडतो.

डिस्क चालते आहे याचा अर्थ एवढाच, की जे मागितले तेवढे तिने दिले. वीस टीबीच्या डिस्कवर चार किलोबाइटचे सुमारे ४८८ कोटी सेक्टर असतात. रोजच्या वापरात त्यांतले अगदी थोडे वाचले जातात. उरलेल्यांपैकी एखादा वाचता येईनासा झाला, तर डिस्कला ते कळायला वाचण्याखेरीज दुसरा मार्गच नाही. अशा सुप्त दोषांचा मोठा अभ्यास २००७ साली विस्कॉन्सिन विद्यापीठ आणि नेटॲप यांच्या संशोधकांनी प्रसिद्ध केला. १५ लाख ३० हजार डिस्क ३२ महिने पाहिल्यावर ३.४५ टक्के डिस्कवर असे दोष आढळले, आणि त्यांतले ६० टक्क्यांहून अधिक दोष स्क्रबमुळे सापडले होते. म्हणजे वापरणाऱ्याने फाइल मागितली म्हणून सापडलेले दोष अल्पसंख्य होते. स्क्रब नसता तर ते तसेच दबून राहिले असते. ३.४५ टक्के ही संख्या लहान वाटते, पण तोच दर धरला तर चार डिस्कच्या पेटीत निदान एका डिस्कवर दोष असण्याची शक्यता १३ टक्क्यांच्या आसपास जाते. इतकी शक्यता असताना न पाहण्याला खबरदारी कसे म्हणायचे? झाकली मूठ सव्वा लाखाची ही म्हण माणसाच्या अब्रूपुरती ठीक आहे, साठवणीला ती लागू करता येत नाही.

तपासणीने डिस्क झिजते हा यापुढचा आक्षेप, आणि सगळ्यांत जास्त ऐकू येणारा. गूगलच्या तीन संशोधकांनी २००७ सालीच एक लाखाहून अधिक डिस्कच्या नोंदी तपासून निष्कर्ष मांडले. जास्त काम करणाऱ्या डिस्क सरसकट जास्त बिघडतात, असे त्यांना दिसले नाही. तसा ठळक संबंध अगदी नव्या आणि अगदी जुन्या डिस्कमध्येच आढळला. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा सलग वाचन करणे हे डिस्कसाठी हलके काम आहे. तिच्या आर्मला तेव्हा इकडून तिकडे उड्याही माराव्या लागत नाहीत.

या आक्षेपाला एकच खरा आधार आहे, तो मांडून त्याची मर्यादा दाखवलेली बरी. घरगुती नॅससाठीच्या, म्हणजे नेटवर्कवरून वापरायच्या साठवण-पेटीसाठीच्या, अनेक डिस्कना कंपन्या वर्षाला १८० टीबीची कामाची मर्यादा सांगतात. १८ टीबीची भरलेली डिस्क दरमहा पूर्ण वाचली तर वर्षाचे २१६ टीबी होतात, म्हणजे मर्यादेबाहेर. पण ही मर्यादा डिस्क आणि मशीन यांच्यामध्ये ये-जा करणाऱ्या डेटाची असते. लाँग टेस्ट डिस्कच्या आतल्या आत चालते, तिच्यात मशीनकडे काहीच जात नाही. स्क्रबचे वाचन मोजले जाते, मात्र तोही झेडएफएससारख्या व्यवस्थेत फक्त भरलेला भाग वाचतो. भरलेल्या १८ टीबीच्या डिस्कवर तो दर तीन महिन्यांनी लावला तर वर्षाला ७२ टीबी होतात. याचा अर्थ हा आकडा स्क्रबची मुदत ठरवायला उपयोगी आहे. स्क्रब न करण्याचे कारण म्हणून तो पुढे करता येत नाही. आणि एकदा वाचल्याने जी डिस्क मरते, ती न वाचल्याने जगली असती का? ती आधीच गेलेली असते, फक्त मालकाला कळलेले नसते. वॉरंटीच्या मुदतीत हे कळले तर डिस्क बदलून मिळते. तिच्यावरचा अभंग वॉरंटीत बदलून मिळत नाही.

‘मिरर आहे’ हा आधार तर तपासणीविना उलटाच फिरतो. दोन डिस्कपैकी एक गेली की नवी बसवतात, आणि उरलेल्या डिस्कवरून सगळा मजकूर नव्या डिस्कवर उतरू लागतो. त्या वेळी उरलेल्या डिस्कचा प्रत्येक वापरलेला सेक्टर वाचला जातो, कित्येकदा काही वर्षांत पहिल्यांदाच. दोन वर्षांपूर्वी बिघडलेला सेक्टर त्या क्षणी समोर येतो, आणि तो भरून काढायला दुसरी प्रत आता उरलेली नसते. दोन्ही डिस्क शाबूत असताना स्क्रब चालला असता तर काय झाले असते? खराब तुकडा सापडला असता, दुसऱ्या डिस्कवरून बरोबर मजकूर आणून जागेवर पुन्हा लिहिला गेला असता, आणि लिहितेवेळी गरज पडली असती तर डिस्कने तो सेक्टर बाद करून राखीव सेक्टर वापरला असता. मालकाच्या हाती फक्त एक ओळीचा अहवाल आला असता. मिरर आणि रेड (अनेक डिस्क जोडून एक गेली तरी मजकूर टिकवणारी रचना) यांचा उपयोग होतो तो दोष वेळेत सापडतात म्हणून. हे जाणणाऱ्यांनी आपल्या व्यवस्थांत तपासणी मुळातच लावून ठेवली आहे. डेबियन लिनक्सवर सॉफ्टवेअर रेडची तपासणी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी आपोआप सुरू होते, ट्रूनॅस या नॅससाठीच्या प्रणालीत स्क्रबची मुदत मुळात ३५ दिवसांची आहे. हे वेळापत्रक मुद्दाम बंद करणारे लोक आहेत, आणि रात्री पेटीचा आवाज येतो एवढेच कारण त्यांना पुरते. बंद करण्याऐवजी तास बदलायचा असतो.

आता ‘स्मार्ट सांगेलच’. कुणी विचारल्याशिवाय स्मार्ट काय सांगणार? डिस्क आपल्या नोंदी ठेवत असते: बदललेले सेक्टर, वाचता न आल्याने अधांतरी राहिलेले सेक्टर, दुरुस्त न झालेले दोष. पण अधांतरी सेक्टरची नोंद होण्यासाठी तो सेक्टर आधी वाचला जावा लागतो. शिवाय ‘डिस्क ठीक आहे’ असा जो एका शब्दाचा निर्वाळा मिळतो, तो कंपनीने ठरवलेल्या पातळीवर बेतलेला असतो. अधांतरी सेक्टर असलेली डिस्कही तो निर्वाळा खुशाल देते.

इथे विरोधक बाजू बदलतात आणि म्हणतात, मग स्मार्टचा भरवसाच नाही तर टेस्ट कशाला? ते त्याच गूगलच्या अभ्यासाकडे बोट दाखवतात, आणि आकडा खरा आहे: बिघडलेल्या डिस्कपैकी ५६ टक्के डिस्कमध्ये स्मार्टच्या चार महत्त्वाच्या नोंदींपैकी एकीतही काही दिसले नव्हते. बॅकब्लेझ या साठवण कंपनीने पाच नोंदी धरल्या, तेव्हा असे न सांगता गेलेल्या डिस्कचे प्रमाण २३.३ टक्के निघाले. पण यातून निघते काय? बॅकब्लेझच्या उरलेल्या ७६.७ टक्के डिस्कनी काहीतरी सांगितले होते. आणि गूगलच्याच अभ्यासात असेही आहे, की पृष्ठभाग वाचताना पहिला दोष आढळलेली डिस्क पुढच्या साठ दिवसांत बिघडण्याची शक्यता दोष नसलेल्या डिस्कच्या ३९ पट असते. साठ दिवस म्हणजे नवी डिस्क आणून सगळा संग्रह हलवायला पुरेसा अवधी. तो अवधी मिळतो कुणाला? ज्याने वाचून पाहिले त्याला. काही डिस्क न सांगता जातात म्हणून जे सांगणारे आहेत त्यांचेही ऐकायचे नाही, हा युक्तिवाद होऊ शकत नाही. न सांगता जाणाऱ्यांसाठी दुसऱ्या ठिकाणी वेगळी प्रत ठेवायची असते.

त्या प्रतीचाही हवाला अनेकदा दिला जातो. बॅकअप आहे, मग तपासणी नको. पण बॅकअपही डिस्कवरच असतो आणि तो तर मूळ डिस्कपेक्षाही कमी वेळा वाचला जातो. मूळ फाइल नकळत बिघडली आणि रोजच्या सिंकमध्ये बिघडलेली फाइल चांगल्या प्रतीवर जाऊन बसली, तर दोन ठिकाणी एकच खराब फाइल उरते. क्लाउडवर ठेवणाऱ्यांनाही हे सुटत नाही, कारण घरून वर जाते ते घरच्या डिस्कवर जसे असेल तसेच. दोन प्रतींपैकी कोणती खरी, हे चेकसमशिवाय कसे ओळखणार?

लाँग टेस्टच्या नोंदीत नेमके काय दिसते, हे एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. स्मार्टमॉनटूल्स या मोफत साधनाने डिस्कची नोंदवही उघडली की मागच्या एकवीस टेस्टपर्यंतच्या ओळी दिसतात. प्रत्येक ओळीत टेस्टचा प्रकार, निकाल, किती टक्के वाचायचे बाकी राहिले, डिस्क तोवर किती तास चालली होती आणि पहिला दोष ज्या सेक्टरवर सापडला त्याचा क्रमांक असतो. निकालात ‘वाचनदोष’ आणि बाकी ‘४०%’ असेल, तर डिस्कचा साठ टक्क्यांच्या आसपासचा भाग वाचून टेस्ट तिथे थांबली आहे. सेक्टरच्या क्रमांकावरून त्या जागी कोणती फाइल आहे तेही शोधता येते. एवढ्या ओळीवर पुढची सगळी कृती ठरते: आधी प्रत तपासायची, मग ती फाइल परत आणायची, मग डिस्क बदलायची. आणि नोंदवहीत एकही ओळ नसेल, तर त्या डिस्कवर कधीच टेस्ट झालेली नाही. घरातली डिस्क यांपैकी कोणत्या अवस्थेत आहे, हे पाहायला दोन मिनिटे लागतात.

वेळ फार लागतो, ही तक्रार आकड्यापुरती खरी आहे. सरासरी वेग सेकंदाला २०० एमबी धरला तर वीस टीबी वाचायला जवळजवळ २८ तास लागतात. पण हे तास कुणाचे जातात? टेस्ट मागे चालते, कुणी फाइल मागितली की डिस्क आधी ती देते आणि मग टेस्ट पुढे नेते. गाणे ऐकता येते, फोटो पाहता येतात. तेवढाही भार नको असेल तर टेस्टचे तुकडे करता येतात: आज रात्री अमुक सेक्टरपासून अमुकपर्यंत, उद्या रात्री त्यापुढचे. ही सोय स्मार्टमध्ये आहे आणि स्मार्टमॉनटूल्समधला स्मार्टडी हा पहारेकरी ती वेळापत्रकाने राबवतो.

चेन्नईत तुकडे करण्याला आणखी एक कारण आहे. वीज गेली आणि डिस्क बंद पडली की चालू टेस्ट तुटते, ती पहिल्यापासून लावावी लागते. झेडएफएसचा स्क्रब मात्र थांबला होता तिथून पुढे सुरू होतो. म्हणून पेटीला यूपीएस हवा, आणि लाँग टेस्ट रात्रीच्या तुकड्यांत हवी. यूएसबीच्या बाहेरच्या डिस्कची अडचण निराळी आहे. काही खोकी काही मिनिटांत डिस्क झोपवतात आणि टेस्ट अर्ध्यावर मोडते, काही खोकी तर स्मार्टची माहिती पुढे जाऊच देत नाहीत. तिथे टेस्ट चालू असताना डिस्कला अधूनमधून काहीतरी वाचायला लावून जागे ठेवावे लागते किंवा खोकेच बदलावे लागते. फाइल सिस्टिम चेकसम ठेवत नसेल, तर फाइलच्या चेकसमची यादी आपणच करून दर काही महिन्यांनी ताडून पाहावी.

उन्हाळ्याचा धाकही वाजवीपेक्षा जास्त घेतला जातो. मे महिन्यात चेन्नईचा पारा चाळीसच्या वर जातो हे खरे, पण मध्यम तापमानात उष्णता वाढली म्हणून डिस्क जास्त बिघडल्या असे गूगलच्या अभ्यासात आढळले नव्हते. दुपारऐवजी रात्र निवडली आणि पेटीभोवती हवा खेळती ठेवली की पुरते. खरी काळजी पावसाची आहे. इथला मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. डिसेंबर २०१५ च्या पुरात आणि डिसेंबर २०२३ च्या मिचाँग वादळात शहराच्या अनेक भागांत पाणी शिरले आणि वीज गेली. अशा वेळी तळमजल्यावरची पेटी आणि शेजारच्या खोलीतली तिची प्रत एकदमच जातात. म्हणून वर्षातली सर्वांत महत्त्वाची तपासणी सप्टेंबरअखेर व्हायला हवी. स्क्रब पूर्ण, लाँग टेस्ट पूर्ण, त्यानंतर ताजी प्रत, आणि ती प्रत दुसऱ्या घरी, उंच मजल्यावर. तपासणीआधी प्रत काढली तर दोषांचीच प्रत निघते, म्हणून हा क्रम बदलू नये.

बाकी वर्षभरासाठी वेळापत्रक साधे आहे. शॉर्ट टेस्ट आठवड्यातून एकदा. लाँग टेस्ट दर एक-दोन महिन्यांनी, प्रत्येक डिस्कची वेगळ्या आठवड्यात, म्हणजे सगळ्या डिस्कवर एकदम भार येत नाही. स्क्रब महिन्याने किंवा तीन महिन्यांनी, डिस्क किती भरली आहे आणि तिची वार्षिक मर्यादा किती आहे ते पाहून, आणि लाँग टेस्टच्या दिवशी नाही. बॅकअपच्या डिस्कलाही हेच नियम. निकाल ईमेलने आला पाहिजे, आणि ईमेल खरोखर पोचतो का हे सुरुवातीला चाचणीचा संदेश धाडून पाहिले पाहिजे, कारण कुणी न वाचलेला दोषाचा अहवाल आणि न झालेली टेस्ट यांत फरक उरत नाही. अधांतरी सेक्टरची संख्या शून्यावरून वर गेली की त्याच दिवशी प्रत तपासावी, आणि ती वाढत राहिली तर डिस्क बदलावी.

ज्यांच्या घरी नवी डिस्क आली आहे, त्यांनी तिच्यावर पहिली फाइल उतरवण्याआधी एक पूर्ण लाँग टेस्ट लावावी. दुकानातून ती बदलून मिळण्याचे दिवस तेव्हाच चालू असतात. ज्यांची डिस्क वर्षानुवर्षे चालते आहे, त्यांनी आधी दुसरी प्रत आहे याची खात्री करावी आणि आज रात्रीच तिची पहिली टेस्ट सुरू करावी.